खालसा झालेले राज्य आणि न जन्मलेले राष्ट्र

नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले त्या घटनेविषयी आमच्या शहरात दोन निरनिराळ्या स्वरांत बोलले जाते, आणि ते दोन्ही स्वर मी वर्षानुवर्षे ज्यांच्या तोंडून ऐकत आलो ते दोघे वृद्ध गृहस्थ, एक आयुष्यभर दिवाणी दावे चालविलेले वकील आणि दुसरे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले शिक्षक, शुक्रवारी तलावाच्या काठाने संध्याकाळची फेरी मारताना हा विषय निघाला की पाय थांबवून बोलू लागतात. परस्परांना ते ‘वकीलसाहेब’ आणि ‘गुरुजी’ एवढेच म्हणतात. मीही येथे तेवढेच म्हणेन. त्यांचा वाद वरवर पाहता एका गादीच्या वारसाहक्काचा आहे, परंतु एकोणिसाव्या शतकाने जगाला दिलेल्या दोन प्रबळ प्रेरणा, राष्ट्रवाद आणि साम्राज्यवाद, यांचे परस्परांशी नाते काय होते हा त्यातील खरा प्रश्न आहे, आणि तो आमच्या गावाच्या मातीत जितका स्पष्ट दिसतो तितका तो युरोपच्या इतिहासग्रंथांतूनही मला दिसलेला नाही.

वकीलसाहेब : गुरुजी, मी भावनेने नव्हे, कागदाने बोलतो. रघूजीराजे तिसरे ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. पोटी पुत्र नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तक घेतला नव्हता, हे दोन्ही मला मान्य. परंतु विधवेने दत्तक घेण्याचा अधिकार आपल्या महाराष्ट्रात पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही चालत आलेला आहे, आणि राजवाड्यातील बायकांनी अहिरराव कुळातील यशवंतरावाला पुढे करून त्याच्याच हातून राजाची उत्तरक्रिया करविली, त्याचे नाव जानोजी ठेवले. यात कायद्याला बाध येईल असे काय होते? शिवाय ज्या रघूजीचा वारस नाकारला तो रघूजी स्वतःच दत्तक होता. १८१८ साली राजे आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केल्यावर कंपनी सरकारच्या संमतीनेच त्या अल्पवयीन मुलाला मसनदीवर बसविले आणि रेसिडेंट जेंकिन्सने त्याच्या नावाने कारभार हाकला. तेव्हा ज्या प्रकारचा दत्तक सोयीचा म्हणून ग्राह्य ठरला, तोच पस्तीस वर्षांनी अग्राह्य ठरतो?

गुरुजी : गव्हर्नर-जनरल डलहौसीचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. १८१८ साली हे राज्य जिंकून कंपनीने ते राजाला बक्षीस म्हणून परत दिले होते, आणि देणगी घेणारा निर्वंश झाला की देणगी दात्याकडे परत जाते.

वकीलसाहेब : ठाऊक आहे, आणि ते उत्तर त्याच्याच मंडळींना पटले नव्हते हेही ठाऊक आहे. येथला रेसिडेंट मॅन्सेल भोसले घराण्याच्या बाजूने लिहीत होता. कौन्सिलातील कर्नल लो याने विरोधी टिपण लिहिले. मग पटले कोणाला? डलहौसीच्या जानेवारी १८५४ च्या टिपणात वारसाहक्काच्या युक्तिवादाबरोबर आणखी एक कारण निःसंकोचपणे नोंदविलेले आहे : नागपूरचा मुलूख हाती आला म्हणजे इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाची चणचण दूर होण्यास मोठा हातभार लागेल. त्याच्या आदल्याच वर्षी निझामाकडून फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड लावून घेतलेला होता. सुमारे ८० हजार चौरस मैलांचा मुलूख आणि चाळीस लाखांवर रयत एका टिपणाच्या फटक्यासरशी गेली, आणि धर्मशास्त्राची चर्चा ही त्या कापसाच्या गठ्ठ्यावर घातलेली शाल होती.

येथे वकीलसाहेबांचा आवाज नेहमी चढतो, आणि तो का चढतो हे ज्याने त्या वर्षातील सीताबर्डीच्या लिलावाची हकीकत वाचली आहे त्याला सांगावे लागत नाही. राज्य गेले एवढ्यावर भागले नाही. राजाची खाजगी मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती हा विवेक बाजूला ठेवून वाड्यातील चीजवस्तूंची मोजदाद झाली; पागेतील घोडे, पीलखान्यातील हत्ती, रथांचे बैल सीताबर्डीच्या बाजारात आणून उभे केले गेले आणि पडत्या भावाने हातोड्याखाली विकले गेले; जामदारखान्यातील जडजवाहीर कलकत्त्यास रवाना होऊन तेथे त्याचा लिलाव पुकारला गेला. राजघराण्यातील वयोवृद्ध बाकाबाईसाहेबांनी वाड्यातील सामानाला हात लावाल तर वाड्यालाच आग लावीन असे बजावल्याचे सांगतात. दसऱ्याला ज्या हत्तीवरून राजाची स्वारी निघताना लोकांनी पाहिली होती, तोच हत्ती लिलावाच्या दोरखंडाला बांधलेला पाहून बाजारात जमलेल्या माणसांच्या मनाचे काय झाले असेल याची कल्पना आजही करवत नाही. जी गोष्ट पूज्य होती तिला किंमत लावणे, आणि तीही हलकी लावणे, यासारखा पराभव रणांगणावर होत नाही.

गुरुजी : हे मी नाकारीत नाही. पण वकीलसाहेब, तुम्ही ज्याला राष्ट्राचा अपमान म्हणता तो त्या दिवशी कोणाला राष्ट्राचा अपमान वाटला? आपल्या समोरची सीताबर्डीची टेकडी घ्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत तेथे जी लढाई झाली, तीत भोसल्यांच्या बाजूने सर्वांत शर्थीने लढले ते कोण? पगारी अरब. धाकटी टेकडी घेतली ती त्यांनी. कंपनीच्या बाजूने टेकडी राखली ती कोणी? मद्रासी पलटणींनी आणि बंगालच्या घोडदळाने. एकीकडे अरब, दुसरीकडे तेलंगी आणि पुरभय्ये. मुलूख मराठ्यांचा, रेसिडेंट इंग्रजांचा. या रणांगणावर मला राजे दिसतात, पगार दिसतो, मीठ खाल्ल्याचे इमान दिसते. राष्ट्र कोठे दिसत नाही.

वकीलसाहेब : मग आप्पासाहेब पळाल्यावर महादेवाच्या डोंगरात त्याला आसरा कोणी दिला? गोंडांनी दिला. पगार देण्याची त्याची ऐपत तेव्हा उरली नव्हती.

गुरुजी : तोच धागा धरा, कारण मी तुम्हाला त्याच धाग्याने मागे नेणार आहे. हे शहर वसविले कोणी? देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. भोसले आले ते गोंड गादीच्या भाऊबंदकीत मदतीला म्हणून; आणि पहिल्या रघूजीने ती मदत अशा तऱ्हेने केली की बुऱ्हाणशहाकडे राजेपणाची पदवी आणि नेमणूक उरली, मुलूख भोसल्यांकडे आला. राजाला वाड्यात ठेवून सत्ता आपण चालवावी, ही तैनाती पद्धत जेंकिन्सने शोधून काढली असे तुम्ही म्हणाल काय? आणि बंगाल! १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरची घोडी बंगालची पिके तुडवीत होती. बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने नागपूरच्या फौजेचे सेनापती भास्करपंत यांना भेटीला बोलावून १७४४ साली दगा केला हे आपण शाळेत त्वेषाने सांगतो. परंतु भास्करपंत तेथे कशासाठी गेले होते हे सांगताना आवाज खाली आणतो. शेवटी १७५१ च्या तहाने ओरिसा आणि बारा लाखांची चौथ पदरात पडली तेव्हा ते थांबले. बंगाली आया अजूनही मुलांना निजवताना बारग्यांचे भय घालतात, वकीलसाहेब, आणि ते बारगी म्हणजे आपणच.

या ठिकाणी मी वकीलसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. गुरुजींचा हा युक्तिवाद त्यांना नवा नसतो, तरी प्रत्येक वेळी तो त्यांना लागतो, आणि तो लागतो म्हणूनच त्यांच्याविषयी माझा आदर वाढतो. ज्या माणसाला आपल्या पूर्वजांच्या अन्यायाचा उल्लेख बोचत नाही त्याच्या राष्ट्राभिमानावर माझा विश्वास बसत नाही.

वकीलसाहेब : मी बारग्यांचे समर्थन करणार नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालणे हा विवेकाचा अभाव आहे. जुन्या काळचा विजेता येई, खंडणी घेई, लुटालूट करी आणि परत जाई, किंवा येथेच राहून चार पिढ्यांत येथलाच होई. भोसले येथे राहिले, तळी खणली, देवळे बांधली, येथलेच झाले. नवे साम्राज्य लुटीने समाधान पावणारे नव्हते. त्याला शेतकऱ्याने काय पेरावे हेच बदलायचे होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरला येणारा तिकडचा कापूस अडला, त्याबरोबर वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांनी ती यादवी संपली आणि तो भाव कोसळला. आर्वी-हिंगणघाटच्या कुणब्याने ज्या युद्धाचे नावही ऐकले नव्हते, त्या युद्धाच्या आरंभाने तो सावकाराकडून कर्ज काढण्याइतका धीट झाला आणि त्याच्या अंताने कायमचा बुडाला. १८६७ साली नागपुरास आगगाडी आली ती काय यात्रेकरूंसाठी आली? आणि पुढे आपणच सूत काढू लागलो तेव्हा मँचेस्टरच्या आग्रहाने १८९६ साली येथल्या गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन अबकारी बसली. भास्करपंताच्या स्वारीत एक हंगाम बुडत होता, गुरुजी. या राज्यात हंगामाचा धनीच बदलला.

गुरुजी : हा भेद मला मान्य आहे, पूर्णपणे मान्य आहे. बारग्याच्या घोड्यापासून पळून जाता येत होते. लिव्हरपूलच्या भावापासून पळून जायला जागा नव्हती. पण मग या नव्या साम्राज्यावर तुम्ही औषध कोणते सांगता?

वकीलसाहेब : राष्ट्र. ज्या औषधाने ग्रीस सुटला, इटली एक झाली, हंगेरीने मान वर केली. आणि इंग्रजांचा ढोंगीपणा पाहा! १८५१ साली हंगेरीचा पदच्युत पुढारी कोशुथ इंग्लंडला गेला तेव्हा त्याला पाहायला लंडन लोटले, बर्मिंगहॅम लोटले; मँचेस्टरनेही त्याचा जयघोष केला. ज्या मँचेस्टरने ऑस्ट्रियाच्या जोखडाखालील हंगेरीसाठी अश्रू ढाळले, त्याच मँचेस्टरच्या कापसासाठी तीन वर्षांच्या आत नागपूर गिळले गेले, आणि या दोन गोष्टींत त्या शहराला काही विसंगती जाणवली नाही.

गुरुजी : जाणवली नाही, आणि का जाणवली नाही हेच मी आयुष्यभर स्वतःला विचारीत आलो. ढोंगीपणा म्हणून सोडून देता येईल इतका हा प्रश्न सोपा नाही. एकाच माणसाच्या चरित्रात मी त्याचे उत्तर पाहतो. सिसिलीचा फ्रांचेस्को क्रिस्पी हा मॅझिनीच्या पंथातला. १८६० साली गॅरिबाल्डीच्या हजार शिलेदारांच्या मोहिमेचा तो एक प्रमुख सूत्रधार होता, म्हणजे आपल्या तरुणपणी आपण ज्यांची चरित्रे उशाशी घेऊन निजत होतो त्या मंडळींतला तो एक. तोच क्रिस्पी पुढे इटलीचा प्रधानमंत्री झाला, आणि त्याच्याच कारकीर्दीत हबसाणावर सत्ता लादण्यासाठी पाठविलेल्या इटालियन सैन्याचा १ मार्च १८९६ रोजी अडोवा येथे सम्राट मेनेलिकने धुव्वा उडविला. परदास्यातून आपला देश सोडविण्यासाठी ज्याने तारुण्य वेचले, त्याला वार्धक्यात दुसऱ्याचा देश घ्यावासा वाटला. हंगेरीचे तेच : १८६७ साली ऑस्ट्रियाशी तडजोड होऊन तिला स्वतःचा कारभार मिळाला, आणि मॅग्यार लोकांनी स्लोव्हाक मुलांच्या शाळांतून त्यांची भाषा हुसकून लावली. जर्मनीने १८७१ साली आपल्या ऐक्याची घोषणा केली तीही फ्रान्सच्या राजवाड्यात उभे राहून, आणि जाताना अल्सेस-लोरेन बरोबर नेले. १८८४ च्या हिवाळ्यात आफ्रिकेचा नकाशा मांडून बर्लिनमध्ये जी राष्ट्रे बसली त्यांतील काही पन्नास वर्षांपूर्वी राष्ट्रेच नव्हती. मला वाटते, त्या शतकात राष्ट्र होणे याचा अर्थच साम्राज्याच्या पंगतीत बसण्यास पात्र होणे असा झाला होता.

वकीलसाहेब : हा दोष राष्ट्रवादाचा नव्हे, भुकेचा आहे.

गुरुजी : भूक राजांनाही होती. फरक एवढाच की राजाची भूक राजाची होती. राष्ट्राची भूक प्रत्येक कारकुनाला आपली स्वतःची वाटू लागली.

माझे मत येथे नोंदवून ठेवतो, कारण दोघांपैकी कोणाच्याही बाजूने मी पूर्ण उभा राहू शकत नाही. डलहौसीने केले ते हरण होते याविषयी मला तिळमात्र शंका नाही. आणि गुरुजी बारग्यांची आठवण करून देतात म्हणून ते हरण सौम्य होते असेही मी मानीत नाही. परंतु वकीलसाहेब जेव्हा १८५४ सालीच येथे एक दुखावलेले राष्ट्र उभे होते असे सुचवितात तेव्हा मला बाकाबाई आठवतात. वाड्याला आग लावीन म्हणणाऱ्या त्याच बाईंनी १८५७ साली आपले सर्व वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. १३ जूनच्या रात्री टाकळीच्या रिसाल्याचा उठाव व्हायचा होता, शहरातून अग्निफुगे सोडून इशारा मिळायचा होता. बेत फुटला, काहींना फाशी दिली गेली, आणि नागपूर शांत राहिले. तीन वर्षांनी इंग्रजांनी दत्तकपुत्र जानोजीला ‘राजेबहादूर’ ही पदवी आणि साताऱ्याकडील देऊर गाव दिले. एवढ्या मोठ्या राज्याच्या बदल्यात एवढी भरपाई आली, आणि ती घेतली गेली. मला त्या घराण्याला दोष देण्याचा अधिकार नाही. बाकाबाईंपुढे जे पर्याय होते ते माझ्यापुढे कधी आलेले नाहीत. मी एवढेच म्हणतो की जे शोकाकुल होते ते एक राजघराणे आणि त्याच्या आश्रयावरचे मानकरी, शिलेदार, कारागीर; राष्ट्र मागाहून आले, आणि ज्या वाटेने आले ती वाट त्या वाड्यातून जात नव्हती.

ती वाट गिरणीवरून गेली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस दाराशी होता, आगगाडी होती आणि वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, आणि दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत असताना, त्यांनी येथली गिरणी सुरू केली आणि तिला एम्प्रेस हे नाव दिले. नऊ वर्षांनी त्याच जमशेटजींनी मुंबईजवळ दुसरी गिरणी घेतली तिचे नाव स्वदेशी ठेवले. ही दोन नावे एका माणसाची आहेत, आणि त्याला मी संधिसाधू म्हणणार नाही. तो ज्या काळात जगत होता त्या काळाची मनोरचनाच तशी होती. १८९१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे सातवे अधिवेशन आनंद चार्लूंच्या अध्यक्षतेखाली आमच्या गावी भरले, तेव्हा ज्या आगगाडीने कापूस जात होता तिनेच मद्रासचे आणि बंगालचे प्रतिनिधी आले. बारग्यांच्या गावी बंगाली प्रतिनिधी पाहुणा म्हणून उतरला. मला त्या भेटीत राष्ट्राचा आरंभ दिसतो, सीताबर्डीच्या टेकडीवर दिसत नाही.

मी हे सांगितले तेव्हा वकीलसाहेब प्रसन्न झाले. गुरुजी झाले नाहीत.

गुरुजी : त्या मंडपात बसले होते कोण? तुमच्यासारखे वकील आणि मालगुजार. रागावू नका. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील हा वसुलीचा अधिकारी होता. १८६१ साली मध्यप्रांत झाला, त्यानंतरच्या बंदोबस्तात सरकारने त्यालाच गावाचा मालक ठरविले. ज्या साम्राज्याविरुद्ध त्या मंडपात ठराव झाले, त्याच साम्राज्याच्या सनदेने मंडपातील कितीतरी लोकांना जमीन मिळाली होती.

वकीलसाहेब : माझ्या आजोबांनाही मिळाली होती, मी ते लपवीत नाही. पण गुरुजी, तुम्ही प्रत्येकाचे मीठ मोजत बसलात तर लढायला कोणी उरणार नाही. मी तुम्हाला असा एक माणूस दाखवितो ज्याने कोणाचेच मीठ खाल्ले नव्हते. मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके. वय अवघे पंचवीस. १८५८ साली चांद्याच्या रानात त्याने गोंडांची फौज उभी केली, घोट-अडपल्लीचा व्यंकटराव त्याला मिळाला, प्राणहितेच्या काठी तारखात्याचे दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याला त्याला फाशी झाली. नागपूर शांत होते तेव्हा चांदा लढत होता. याला तुम्ही राष्ट्र म्हणणार नाही?

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो.

गुरुजी : म्हणेन, जर तुम्ही त्याची पुढची हकीकतही सांगणार असाल तर. त्याला पकडून दिले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी, आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना गावे इनाम मिळाली. दोघेही गोंड. त्यानंतर १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी ते रान सरकारजमा झाले, आणि ज्या जमातीच्या मुलाने त्या रानासाठी गळ्यात फास घेतला होता, तिला स्वतःच्या जंगलात सरपणासाठी परवाना लागू लागला. राष्ट्रीय सभेच्या मंडपात त्या परवान्याविषयी कोणी किती बोलले ते शोधा. साम्राज्य गेले, मालगुजारीही १९५१ साली गेली. परंतु १९२७ साली इंग्रजांनी जो जंगल कायदा केला तो आपण स्वतंत्र झाल्यावर जसाच्या तसा चालू ठेवला, आणि चांद्याच्या रानातला गोंड त्या कायद्याच्या अंमलदाराला अजून ‘सरकार’ म्हणतो. तो अंमलदार इंग्रज आहे की मराठी याचा त्याला काही फरक पडत नाही.

वकीलसाहेब : म्हणजे तुमचे म्हणणे असे की गोंडाच्या बाजूने पाहिले तर भोसले, इंग्रज आणि आपण हे एकाच मालिकेतले तीन धनी आहोत?

गुरुजी : मी फैसला देत नाही, तो तुमचा व्यवसाय. मी एवढेच म्हणतो की ज्या वहीत डलहौसीने सीताबर्डीला हत्ती विकले याची नोंद आहे, त्याच वहीत बंगालच्या चौथीची आणि चांद्याच्या रानाची नोंद असू द्या. तुम्ही त्या दोन नोंदी निराळ्या वहीत ठेवता.

वकीलसाहेब : ठेवत होतो. पण त्या एका वहीत घेतल्या तरी डलहौसीवरचा माझा दावा मी काढून घेणार नाही.

गुरुजी : काढून घ्या असे मी कधीही म्हटलेले नाही. तो दावा खरा आहे. त्याला आणखी वादी जोडून घ्या, आणि प्रतिवादींच्या यादीत आपली स्वतःची नावे लिहिण्याची तयारी ठेवा.

वकीलसाहेबांनी उत्तर दिले नाही. चांद्याच्या पहिल्या बंदोबस्ताचा अहवाल आपल्या दप्तरात असल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्यात जमीनदारीतील रानांचे हक्क कसे लिहिले आहेत ते पाहण्यासाठी गुरुजींना घरी येण्याची विनंती केली. दोघेही महालाच्या दिशेने चालू लागले.